मेलिताच्या बाजूची किल्ली

१२ फेब्रुवारी २००९

प्रिय मेलिता,

शनिवारी दुपारची जेवणं उरकली की मम्मा आपल्या दोघींच्या हातात अर्धं अर्धं लिंबू ठेवायची, आठवतं? मोठ्या दाराच्या दोन फळ्यांवर दोन पितळी डॉल्फिन. डावा माझा, उजवा तुझा. मी लिंबाला मीठ लावून, सिस्टर बेनिन्या सांगायच्या तसं, शेपटीकडून डोक्याकडे नीट घासत बसायची. तू दोन हात मारायचीस, वर थुंकायचीस आणि फ्रॉकच्या टोकानं पुसून मोकळी व्हायचीस. आणि चमकायचा तुझाच! मी एकदा रडकुंडीला येऊन पप्पांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "लिबा, तू डॉल्फिनला आंघोळ घालतेस. ती त्याला लाडावते."

परवा उन्हात बसून माझा डॉल्फिन घासत होते, तेव्हा हे आठवलं आणि वाटलं, कागदावर उतरवून तुला पाठवावं. एवढं मोठं पत्र बघून तू दचकशील. नाताळच्या कार्डावर नुसती सही करून पाठवायची आपल्या दोघींनाही सवय झाली आहे. तीन वर्षांपूर्वी तुझा निनू गेला, तेव्हाही मी कार्डच पाठवलं. त्यात चार ओळी लिहिल्या होत्या, मग वाटलं शाई फुटली आहे, म्हणून दुसरं कार्ड घेऊन नुसती सही केली. त्याच्या निळ्या बँड क्लबानं त्या दिवशी झेंडा अर्ध्यावर आणला होता, हे तरी तुला कुणी कळवलं का?

आता कामाचं. शेजारचं स्पितेरींचं घर पाडलं. विहिरीजवळचं तुतीचं झाड दुपारच्या आत गेलं. तिथं सहा मजली फ्लॅट होणार आहेत. तोच कंत्राटदार माझ्याकडे येऊन बसतो. "मिस, तुम्ही एकट्या. एवढं घर कशाला लागतं?"

"धूळ झटकायला," मी म्हटलं.

तो हसला. वाईट माणूस नाही. टोपी मांडीवर ठेवून, अगदी सभ्यपणे, माझ्या मरणाची वाट बघतो आहे.

रोमिना आठवत नसेल तुला, तू गेल्यावर जन्मली. मी तिला चौथीत शिकवलं. पाढ्यांत अगदी कच्ची, आता जुन्या घरांची डागडुजी करणारी मोठी आर्किटेक्ट आहे. तिचं म्हणणं, घर गावाच्या नावानं करून द्या. ते कुणालाही विकता येणार नाही, पाडता येणार नाही. खाली बँडच्या तालमी होतील, म्हाताऱ्यांना वाचायला एक खोली होईल. युद्धातलं तळघर पर्यटकांना दाखवता येईल आणि वरच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरतील. त्या पैशांत घराची डागडुजी चालेल. मला हे पटलं. पण अर्धं घर तुझं आहे. तुझ्या होकाराशिवाय यातलं काहीच होणार नाही. आणि आपण दोघी गेल्यावर चार देशांत पांगलेली तुझी मुलं हे घर कशाला ठेवतील?

रोमिनानं दिवाणखान्यातली भिंत ठोकून पाहिली. "मिस, हे बाकी सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं. ही भिंत कधीची?"

"सदुसष्टची," मी म्हटलं. मग सांगितलं. पप्पा तांबड्या बँड क्लबाचे अध्यक्ष, धाकट्या मुलीनं लग्न केलं त्यांच्या वैऱ्यांच्या, निळ्या क्लबातल्या ट्रम्पेटवाल्याशी. पप्पांनी तेही गिळलं. जावयाला घरात खोल्या दिल्या. पण गावच्या संताच्या सणाला, सान रोक्कूच्या फेस्ताला, आपल्या सज्जाच्या डाव्या अंगाला तांबडं कापड आणि उजव्या अंगाला निळं कापड लटकलं, आणि मिरवणूक रस्त्यात थांबून बघत राहिली. त्या हिवाळ्यात पप्पांनी घराच्या मधोमध भिंत घातली. तुमच्यासाठी रस्त्यावर वेगळं दार पाडलं. मोठ्या दारावरचा उजवा डॉल्फिन काढून त्या दारावर ठोकला, आणि क्लबात सान रोक्कूच्या मूर्तीसमोर हात वर करून म्हणाले, "त्या दारातून माझ्या घरचं माणूस आत जाणार नाही."

रोमिना म्हणाली, "एका कापडासाठी?"

ती शहरात वाढलेली नाही, याच गावची आहे. तरी तिनं विचारलं. आताच्या मुली विचारतात. आपण विचारलं नव्हतं.

तुझ्या दाराला किल्ली बाहेरून तशीच आहे, मेलिता. बोटीवर जायच्या दिवशी, पाव आणायला निघाल्यासारखी तू ती लावून गेलीस, तशीच. गावात कुणी तिला हात लावलेला नाही. आणि मीही पप्पांची शपथ पाळली आहे. त्या दारातून मी एकदाही आत गेले नाही.

उत्तर पाठव. कार्ड नको.

तुझी,
लिबेराता


२१ मार्च

प्रिय मेलिता,

टपाल उशिरा पोचत असेल. ऑस्ट्रेलिया लांब आहे.

इकडे घर नुसतं गजबजलं आहे. रोमिना येते, तिची मापं घेणारी मंडळी येतात. मला बोलायला सारखं कुणी ना कुणी असतं, त्यामुळं काळजी करू नकोस.

संत योसेफाच्या सणाआधी रोमिनाला तुझी बाजू आतून बघायची होती. नुसतं बघायला तुझी परवानगी लागत नाही, असं वकील म्हणाला. पण गावाची लागते! एकट्या रोमिनानं कुलूप उघडलं तर उद्या कोण काय म्हणेल, म्हणून साक्षीला दोन्ही क्लबांचे अध्यक्ष आले. तांबड्यांचा आता चेन्सू आहे, लोहाराचा, माझ्या वर्गात होता तो. पोट बघशील तर ढोल त्याच्यापुढे लहान. निळ्यांचा वेन्झू, निनूच्या आतेभावाचा मुलगा. उंच, बारीक, सदानकदा कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा. दोघं तुझ्या दारापुढे उभे.

"तू उघड," चेन्सू म्हणाला. "तुमचं दार आहे."

"किल्ली तुमच्या अध्यक्षाच्या घराला आहे, तू उघड."

"माझ्या म्हाताऱ्यानं त्या शपथेला टाळ्या वाजवल्या होत्या. मी हात लावला तर थडग्यातून उठेल."

"उठू दे. वर्गणी तरी देईल."

शेवटी रोमिनानं किल्ली फिरवली. मी माझ्या उंबऱ्यातच उभी राहिले. आवाज मात्र सगळे ऐकू येत होते. आधी नुसती पावलं. मग वेन्झू: "आई गं."

चाळीस वर्षं बंद घर, मेलिता, आणि कोळ्याचं जाळं नाही. फरशी पुसलेली. खिडक्यांना बाहेरून मीठ चढलेलं, पण आतून काच स्वच्छ. स्वयंपाकघरात तुझी हिरवी किटली चुलीवर पालथी घालून ठेवलेली. चेन्सू क्रूसाची खूण करत बाहेर आला. "मिस, आत कुणीतरी राहतं."

"कोण राहणार?" मी म्हटलं.

"अहो, पडद्यांना लव्हेंडरचा वास आहे!"

वेन्झू छाती फुगवून म्हणाला, "निळा क्लब आपल्या माणसांना विसरत नाही."

"म्हणजे तुम्ही झाडता?"

"असंही म्हटलेलं नाही."

"मग काय म्हणतोस? आणि दर फेस्ताला या बाजूनं निळं कापड लटकतं, ते कोण लावतं? निनू मेलबर्नहून टेलिफोननं टांगायचा? तो मेल्यावरही टांगतोय?"

"ते तुमचेच लोक आमची थट्टा करायला टांगतात, असं आम्ही समजत होतो."

"आम्ही? निळं? माझी सून निळी मॅक्सी घालते तर मी तिला मागच्या दारानं यायला लावतो!"

रस्त्यावर निम्मं गाव गोळा झालं. पाववाला जियोर्जी म्हणाला, सान रोक्कूच घर झाडतात, आणि मूर्तीतला त्यांचा कुत्रा कोपरे चाटतो. फादरना हसू आवरेना. आता बायका तुझ्या दाराशी मेणबत्त्या लावू लागल्या आहेत. मी काही बोलले नाही. कुणी मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. मला फक्त एवढंच विचारतात की, "मिस, तुम्हाला रात्री काही आवाज यायचे का हो?"

नाही यायचे. तेच तर.

भिंत घातल्यावरचं ते वर्ष आठवतं का गं तुला? जपमाळ संपली की मी माझ्या बाजूनं भिंतीवर एकदा टकटक करायची आणि तू तुझ्या बाजूनं. झोप नीट, एवढाच अर्थ. तू गेल्यावर मी ते लगेच बंद केलं. म्हणजे, दोनेक वर्षांत.

कंत्राटदार परत येऊन गेला. त्याला कळलं आहे की तुझं उत्तर आलेलं नाही.

तुझी,
लिबा


१९ मे

प्रिय मेलिता,

तुझे कागद पोचले. वकिलाच्या पाकिटातून, वकिलाच्या टाइप केलेल्या दोन ओळींसह. प्रत्येक पानावर सही आहे, सगळं रीतसर आहे, काहीही राहिलेलं नाही. रोमिना तर नाचलीच.

मी पाकीट पुन्हा एकदा झटकून पाहिलं.

राग मानू नकोस. तू होकार दिलास, घर वाचेल, याहून मोठं काही मी मागितलंच नव्हतं. फक्त कागद परत देण्याआधी मी ते थोडे दिवस जवळ ठेवले. तुझा 'एम' अजून सिस्टर बेनिन्यांनी शिकवला तसाच आहे, पहिला पाय लांब, बाहेर टाकलेला. "मेलिता, हे अक्षर आहे, घोडा नाही," त्या म्हणायच्या. शेवटच्या पानावर तू निनूच्या आडनावाआधी आपलं माहेरचं झेराफा असंही लिहिलं आहेस. वकिलानं लिहायला सांगितलं असेल. पण ते तू बाकीच्या अक्षरांपेक्षा दाबून लिहिलं आहेस. कागदाच्या मागून बोट फिरवलं तर लागतं.

माझं अक्षर वाकडं येतं आहे, ते टेबल उंच आहे म्हणून. पायरीवरून घसरले, कंबरेचं हाड जरा दुखावलं. काळजीचं काही नाही. थोडे दिवस सिस्टरांकडे राहायला आले आहे. आपली शाळा आता म्हाताऱ्यांचा आश्रम झाली आहे, मुलीच उरल्या नाहीत. आणि गंमत बघ, मला खोली कुठली मिळावी? तुझा तिसरीचा वर्ग. फळ्याचे खिळे अजून भिंतीत आहेत. एकावर मी माझी जपमाळ लावली आहे.

जियोर्जीनं वाचवलं. रोज सकाळी त्याच्या गाडीचा भोंगा वाजला की मी पाव घ्यायला येते, त्या दिवशी आले नाही. माझ्याही दाराला किल्ली बाहेरूनच असते, त्यानं ती फिरवली आणि हाका मारत घरभर फिरला. मला उचलताना म्हणाला, "मिस, माझा पाव आवडत नव्हता तर सरळ सांगायचं. पायऱ्यांवरून उड्या कशाला मारायच्या?"

भिंत पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. मी रोमिनाला विचारलं, मग घर तेव्हाचं, म्हणजे आपण दोघी लहान होतो तेव्हाचं दिसेल का? ती म्हणाली, "नाही मिस, त्याच्याही आधीचं. पणजोबांच्या वेळचं." मम्माच्या स्वयंपाकघरातल्या निळ्यापांढऱ्या फरशा निघतील, त्या 'अलीकडच्या' आहेत. पप्पांनी बसवलेलं न्हाणीघर निघेल. सगळं बरोबरच आहे. पर्यटक काही आपल्याला बघायला येणार नाहीत.

एकच गोष्ट उरली आहे. तुझ्या सह्या झाल्या, माझी अजून व्हायची आहे. हात दुखतो असं सांगून मी ती लांबवते आहे.

लिबा


१२ जुलै

प्रिय मेलिता,

पाडली.

मला चाकाच्या खुर्चीवरून नेलं. चेन्सू आणि वेन्झू, दोघांनी उंबऱ्यावरून खुर्ची उचलली. एक बुटका, एक उंच, त्यामुळं मी पूर्ण वेळ तिरपी होते. गवंड्यानं पहिला दगड काढला आणि पलीकडून ऊन आलं. माझ्या बाजूला सकाळी कधी ऊन नसायचं. मला वाटायचं घर म्हातारं झालं म्हणून अंधारं झालं. ते ऊन एवढी वर्षं तुझ्याकडे अडलं होतं.

बाकीचे दगड निघायच्या आधी मी डोळे मिटले. धुळीमुळं.

मग भांडण पेटलं, आणि मला अगदी बरं वाटलं. सज्जा आता एक झाला, तर फेस्ताला त्यावर काय लावायचं? चेन्सू म्हणाला, घर तांबड्यांच्या अध्यक्षाचं, तांबडं. वेन्झू म्हणाला, निळं इथं चाळीस वर्षं लटकलं, चमत्कारानं लटकलं, सान रोक्कूंनीच कौल दिला आहे.

"सान रोक्कू आमचे!" चेन्सू ओरडला. "ते निळं कशाला टांगतील?"

"तेही तुम्हाला कंटाळले असतील."

फादर म्हणाले, मग काहीच नको, पांढरं लावू. रोमिनाही म्हणाली, "तेच बरं. देणगीवाल्यांना वादावादी आवडत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पांढरं. म्हणजे आपल्या घरात कधी काही घडलंच नाही.

तेव्हा मी म्हटलं, "माझी सही अजून बाकी आहे."

पण ते पुढं. आधी तुला एक सांगायचं आहे, जे त्या खोलीत मी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्या दारातून मी एकदाही आत गेले नाही. ते अक्षरशः खरं आहे. सिस्टरांनी आपल्याला सत्य अक्षरशः बोलायलाच शिकवलं आहे. मी तळघरातून यायची.

युद्धात अख्खी गल्ली आपल्या तळघरात लपायची, म्हणून त्याला दोन जिने होते, एक मम्माच्या स्वयंपाकघरातून, एक तुझ्या अंगणातून. भिंत वर घातली, खाली नाही. गवंड्यानं तेव्हा पप्पांना विचारलं होतं, मी शेजारी उभी होते: "खाली पण घालायची का?" पप्पा बराच वेळ टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "खाली राहू दे. बॉम्ब पडले तर ती कुठं जाईल?"

सदुसष्ट साली, मेलिता! कोण बॉम्ब टाकणार होतं?

तू गेल्यावर पहिलं फेस्त आलं. मी सज्जात तांबडं लावलं आणि वाकून बघितलं, तर उजवीकडे नुसतं लाकूड. दात पडल्यासारखं. मला ते बघवेना. तुझं निळं तू कपाटात ठेवून गेली होतीस हे मला माहीत होतं. खाली उतरले, पलीकडून वर आले, सज्जाची खिडकी आतूनच उघडून कापड बाहेर सोडलं. कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. मग दर वर्षी. मग वाटलं, वर्षातून एकदा गेलं तर धूळ फार साचते, म्हणून महिन्यातून. मग आठवड्यातून. पुढं तर तुझ्या स्वयंपाकघरात बसूनच वह्या तपासायची. तिथं उजेड चांगला होता. तुझ्या किटलीत चहा केला आहे मी. दुसरी कपबशी काढायची नाही, एवढा नियम मात्र पाळला.

आणि खरं सांगायचं आहे ते हे. पप्पांनी पहिल्या वर्षी जेवताना विचारलं, "निळं कोण टांगतं?" मी म्हटलं, "ज्याला वाटतं तो." ते सूप पीत राहिले. पुढच्या फेस्ताच्या आदल्या दिवशी मी तळघराचं दार उघडलं, तर वरच्या पायरीवर नवी मेणबत्ती आणि काड्यापेटी. मला वाटलं मम्मानं ठेवली. मम्मा गेली, तरी त्या वर्षीही होती. पप्पा अंथरुणाला खिळायच्या आधीच्या उन्हाळ्यापर्यंत, दर वर्षी. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. शपथ घेतलेला माणूस काय बोलणार? शपथ दाराची होती, तेवढीच त्यांनी पाळली. मीही.

तू त्यांच्या अंत्यविधीला आली नाहीस, तेव्हा गाव तुला नावं ठेवत होतं. मला तेव्हाच लिहायचं होतं तुला. कार्ड घेतलं, सही केली.

मी घसरले ती तुझ्या बाजूच्या जिन्यावर. जियोर्जीला मी तिथंच सापडले. हातात बादली, पायाशी लव्हेंडर. त्यानं सगळं पाहिलं, मला पाहिलं, आणि वर नेऊन माझ्या स्वयंपाकघरात ठेवलं. "सान रोक्कू, तुम्ही वजनाला बरेच आहात," एवढंच म्हणाला. गावात आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

लिबा


१४ ऑगस्ट

प्रिय मेलिता,

परवा फेस्त. आज पहाटेपासून फटाके उडताहेत आणि माझ्या खोलीतल्या खिडक्या थरथरताहेत. मी इथं थोडे दिवस नाही, कायमचीच आहे. तुला ते एव्हाना कळलंच असेल. तुझ्या वर्गाच्या खिडकीतून चर्चचा घुमट दिसतो आणि त्याच्या शेजारी आपला सज्जा. डाव्या बाजूला एक माणूस उभा राहिला तर दिसेल, एवढा.

माझी सही झाली. अट एकच घातली, ती वकिलानं करारात लिहिली आहे. दर फेस्ताला दोन्ही कापडं लटकतील, डावीकडे तांबडं, उजवीकडे निळं. तांबडं निळ्या क्लबाच्या अध्यक्षानं टांगायचं आणि निळं तांबड्याच्या.

चेन्सू खुर्चीतून उठला. "मिस, त्यापेक्षा मला जिवंत पुरा."

"हरकत नाही, चेन्सू. मी सही करत नाही, मग तिथं फ्लॅट होतील. सहा मजले, प्रत्येकाला अॅल्युमिनियमचा सज्जा. टांग त्यावर काय टांगायचं ते."

वेन्झू हसायला लागला, तर मी त्याच्याकडे वळले. "आणि तू तांबडं सुरकुती न पाडता टांगायचं. तुझ्या चौथीच्या वह्या अजून आठवतात मला."

दोघं पडल्या चेहऱ्यानं बाहेर गेले. काल सिस्टरांनी सांगितलं की दोघं चर्चमागे कापड टांगायचा सराव करत होते, एकमेकांना शिव्या देत. नवी कापडं दोन्ही क्लबांनी शिवून घेतली आहेत.

आता वाटणी. तुझ्या संमतीशिवाय करते आहे, थोरली म्हणून. रोमिनाला एक प्रत दिली आहे.

डॉल्फिन दोन्ही मोठ्या दारावर परत लागले आहेत, ते गावाचे. रोमिना म्हणते त्यांना औषध लावून ठेवू, घासायची गरज पडणार नाही. मी म्हटलं, लिंबूच लाव, आणि दोन वेगवेगळ्या मुलींना दे.

मम्माच्या निळ्यापांढऱ्या फरशा जियोर्जीला. त्याला भट्टीच्या खोलीत लावायच्या आहेत. तोंड बंद ठेवण्याचं बक्षीस समज. त्याला मी तसं सांगितलेलं नाही, पण तो घेताना डोळा मिचकावून गेला. मम्माचा लेस विणायचा पाट आणि दोऱ्याची रिळं सिस्टरांना, इथं दोन आज्या अजून विणतात. पप्पांची टोपी चेन्सूला नको, त्याला होणार नाही. ती वेन्झूच्या डोक्यात बसते. मी बसवून पाहिली. त्यानं ती काढलीच नाही.

हिरवी किटली मी ठेवून घेतली. माफ कर.

तुझ्या दाराचं रोमिनाला कुलूप बदलायचं होतं, पर्यटक येणार म्हणून. मी नाही म्हटलं. मोठ्या दाराला हवी तितकी कुलपं लावा, घर बंद व्हायची वेळ लिहा, घंटा लावा. त्या दाराची किल्ली बाहेरूनच राहील. तेही करारात आहे. दार पावसाळ्यात फुगतं, किल्ली फिरवताना थोडं वर उचलावं लागतं. आतून तेल दिलेलं आहे.

उरली दोन जुनी कापडं. निळं मला. ते मी एवढ्या वेळा धुतलं आहे की आता त्याला निळं म्हणायचं ते सवयीनं. मी गेले की शवपेटीत माझ्याबरोबर ठेवावं, असं सिस्टरांना सांगितलं आहे. तांबड्यांच्या घरची मुलगी निळ्यात निघाली म्हणून गावाला दहा वर्षं पुरेल एवढं बोलायला मिळेल. त्यांच्यासाठी तेवढं तरी ठेवून जावं.

तांबडं तुला. या पत्राबरोबर पार्सलनं निघालं आहे. ते पप्पांचं आहे. शेवटच्या उन्हाळ्यात फेस्त झाल्यावर त्यांनी ते स्वतः उतरवलं, खुर्चीत बसून मांडीवर घडी घातली, आणि मला म्हणाले, "हे जपून ठेव. कुणाला द्यायचं ते तुला माहीत आहे." पुढच्या वर्षीपासून मी क्लबाचं दुसरं वापरलं. हे उघडलं नाही.

तू उघडशील तेव्हा मधोमध रंग उडालेला दिसेल आणि घड्यांच्या रेघा पडलेल्या दिसतील. इस्त्री करू नकोस. त्या घड्या पप्पांनी घातलेल्या आहेत.

लिबा